दर दोन तासांची हाक

माझ्या नवऱ्याला दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर वळवावं लागायचं. दिवसा मी कामाला बाहेर असायचे, म्हणून ते काम सासूबाई करायच्या. त्यांना आठवण करून द्यायला मी घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्या प्रोग्रॅमचं पुढे काय झालं, असं लोक मला अजून विचारतात. नवऱ्याचं काय झालं ते त्यांना माहीत असतं, आणि तो विषय काढायचा नसतो, म्हणून प्रोग्रॅमचं विचारतात. मला दोन्हीचा कंटाळा आला आहे. एकदाचं लिहून टाकते.

आम्ही डहाणूला राहतो, स्टेशनच्या पश्चिमेला. म्हणजे आता मी राहते. माझे आईवडील इथलेच, दोघंही शिक्षक. तो तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा, शिकून शाळेत मास्तर झालेला. गणित शिकवायचा. मी चिकूचे व्यापारी, शाळा, एक बर्फाचा कारखाना अशांना त्यांच्या कामापुरते प्रोग्रॅम लिहून देते. मोठं काही नाही. स्क्रीनवर एक खिडकी, चार बटणं, छापायची सोय. इंटरनेट गेलं तरी चाललं पाहिजे, कारण आमच्याकडे ते जातंच.

त्याच्या आजाराची सुरुवात खडूपासून झाली. शिकवताना हातातून खडू पडायचा, पहिल्या बाकावरची पोरं उचलून द्यायची. मग शर्टाची बटणं लागेनात. वलसाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, मुंबईच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातील, हात, पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास, आणि त्यावर औषध नाही. मग म्हणाले, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. मला वाटलं, आजार तर हाच आहे, बाकीची सगळी लक्षणं.

तो अंथरुणाला खिळला तेव्हा सासूबाई पाड्यावरून आल्या. नाचणीचं पीठ, सुका जवळा आणि दोन लुगडी एवढं सामान. त्यांच्या भागात भूकंपाचे धक्के बसायला लागल्यापासून त्यांना दार बंद करून झोपता येत नाही, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही एकटेच दार उघडं टाकून झोपायला लागलो. त्यांच्या हाताला काम लागतं आणि तोंडाला माणूस लागतं. लेकाचं सगळं त्यांनी करायला घेतलं आणि मला त्यात फार शिरू दिलं नाही. मी कामावर जावं, हे आमचं न बोलता ठरलं. घर कशावर तरी चालायला हवं होतं.

तपासायला येणाऱ्या नर्सताईंनी दोघींना बजावलं होतं, एका कुशीवर दोन तासांच्या वर ठेवू नका, कातडी सडायला लागते. पाड्यावर असत्या तर आईंना, म्हणजे सासूबाईंना, दोन तास सावलीवरून कळले असते. आमच्या हॉलमध्ये दिवसाही पडदा ओढलेला आणि ट्यूबलाइट. स्वयंपाकात गुंतल्या की वेळ निघून जायची, मग घाबरून लागोपाठ दोनदा वळवायच्या. एक दिवस त्याच्या माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तर पांढरा होत नव्हता. त्याच दिवशी मी कॉम्प्युटरपाशी बसले.

कॉम्प्युटर त्याच्या पलंगासमोरच होता, कारण हॉलमध्ये तेवढी एकच भिंत प्लगची. तो पडल्या पडल्या माझं काम बघायचा. जीभ जड झाली होती पण बोलणं कळायचं. मी घाईत पहिला प्रोग्रॅम लिहिला तो असा: खिडकी उघड, दोन तास थांब, घंटी वाजव, पुन्हा दोन तास थांब. चालवला आणि खिडकी पांढरी पडली. बटण दाबलं तरी ढिम्म, बंद करायला गेले तर बंदही होईना. मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं हे काम करते आणि शिकाऊ मुलांची चूक केली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

मी त्याला समजावून सांगितलं. खिडकीला लक्ष एकच असतं. तुम्ही कुठे टिचकी मारली ते बघायचं, आकडे बदलायचे, स्वतःला पुन्हा पुन्हा रंगवत राहायचं, सगळं त्या एकाच लक्षात. तिला "थांब" म्हटलं की ती खरंच थांबते, सगळं सोडून. म्हणून थांब म्हणायचं नसतं. "इतक्या वेळानं मला हाक मार" असं सांगून आपण बाजूला व्हायचं. मग ती तिची कामं करत राहते आणि वेळ झाली की हाक मारते. पण एकदाच मारते. म्हणून हाक मारली की आपलं काम करायचं आणि निघताना तिला पुन्हा सांगायचं, इतक्या वेळानं पुन्हा बोलव. ते सांगायचं राहिलं, किंवा मधेच काही चुकून आपण तिथवर पोचलोच नाही, तर ती पुन्हा कधी बोलवत नाही. खिडकी मात्र चालू दिसते.

गणिताचा मास्तर, त्याला मजा वाटली होती. मग म्हणाला, "म्हणजे निघताना 'येतो' म्हणायचं. 'जातो' नाही."

"हो, तसंच."

"मग आपल्याकडची सगळी माणसं प्रोग्रॅमरच की."

त्या दिवशी आम्ही हसलो. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे हसण्यासारखं फार काही नाही.

दुसऱ्यांदा लिहिला तो प्रोग्रॅम नीट चालला. कॉम्प्युटर झोपी जाऊ नये अशी सोय केली, लाइट गेली तर इन्व्हर्टर होताच. दोन तास झाले की घंटी, आणि खिडकीत एकच मोठं हिरवं बटण. वळवून झालं की आईंनी ते दाबायचं, तिथून पुढचे दोन तास मोजायला सुरुवात. दाबलं नाही तर थोड्या थोड्या वेळानं घंटी वाजतच राहणार. मी स्वतःवर खूश झाले. पण संध्याकाळी घरी आले तर घंटी वाजत होती, आई भाकऱ्या थापत होत्या आणि तो सकाळच्याच कुशीवर होता.

"आई, ही घंटी कधीपासून वाजतेय?"

"वाजतंय खरं," त्या म्हणाल्या. "मना वाटलं, शेजारच्यांचं काही असंल."

तसं त्यांचं खरं होतं. बिल्डिंगमध्ये दिवसभर काही ना काही वाजत असतं. कुकर, मोबाइल, लिफ्टचं दार, पाण्याची मोटार. त्यातली नेमकी कुठली घंटी लेकाची, हे त्यांनी कसं ओळखायचं? मी सूर बदलून पाहिले. एक सूर गाण्याचा लावला तर तो टीव्हीचा वाटला. शेवटी तोच म्हणाला, "माझा आवाज टाक. आये माझ्या हाकेला उठते."

दुसऱ्या दिवशी आम्ही रेकॉर्डिंग केलं. मोबाइल त्याच्या तोंडाशी धरून मी उभी. त्यानं दोन-तीनदा घसा साफ केला, शाळेत प्रार्थनेआधी करायचा तसा, आणि म्हणाला, "आये, मना वळव."

बाहेर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न दाबला, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी आईच कणकेच्या हातांनी धावत आल्या, "काय रं?" म्हणत. तिसऱ्या वेळचं चांगलं आलं.

मी ते कॉम्प्युटरवर घेतलं, मागचापुढचा आवाज कापला, प्रोग्रॅमला जोडलं. आणि तेव्हा मला वाईट वाटलं. कशाचं, ते नीट सांगते. तो माझ्याशी माझ्यासारखं बोलायचा, शाळेतही तसंच. "मला" म्हणायचा, "इथे" म्हणायचा. "मना" आणि "अठं" हे फक्त आईशी आणि पाड्यावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती बोली मी बाजूला बसून ऐकली होती, ती माझ्यासाठी कधीच नव्हती. आता त्याचा आवाज साठवून ठेवायची वेळ आली तर त्यात आई होती, मी नव्हते. "माझ्यासाठी पण काहीतरी बोल," असं म्हणावंसं वाटलं. पण त्याची जीभ थकली होती आणि मला ते म्हणायची लाज वाटली. करू नंतर, असं मनाशी म्हटलं. पावसाळा सरता सरता त्याचं बोलणं गेलं.

गेलं म्हणजे एका दिवसात नाही. आधी शब्द विरघळले, मग नुसता आवाज उरला, मग तोही फक्त खोकल्यापुरता. पण घरात दर दोन तासांनी त्याची हाक ऐकू यायची, स्पष्ट, जरा जड जिभेची पण ठणठणीत. "आये, मना वळव." आई असतील तिथून ओरडायच्या, "आले रं!" आणि यायच्या. वळवायच्या, पाठीला उशी लावायच्या, पाय नीट करायच्या, मग कॉम्प्युटरकडे जाऊन हिरवं बटण दाबायच्या. चट्टा बरा झाला. नर्सताईंनी दोघींचं कौतुक केलं.

बघायला येणारे लोक कॉम्प्युटर बघायला लागले. वाढवणची माझी मावशी आली होती. आल्यापासून बंदराचं सांगत होती, गावात कोण बाजूनं, कोण विरोधात, मोर्चाला कोण गेलं, आणि सगळं सांगताना नजर भिंतीवर, कारण पलंगाकडे बघवत नव्हतं तिला. हाक ऐकू आल्यावर ती दचकली आणि मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली. "अगो बाय, काय डोकं लावलंस!" म्हणाली. "पुन्हा कधी बोलेल?" मी सांगितलं, दोन तासांनी. तेवढं थांबून, पुन्हा एकदा ऐकून मगच ती गेली. मला तेव्हा अभिमान वाटला होता. तो डोळे मिटून पडला होता. झोपला असेल, असं आम्ही धरलं.

मला एकदा वाटलं, आवाज पलंगापासून इतका लांबून का यावा? म्हणून स्पीकर त्याच्या उशाशी नेऊन ठेवला. हाक आली तेव्हा आई त्याच्याजवळच होत्या, पायाला तेल लावत. त्या एकदम मागे सरकल्या. तोंड मिटलेलं, ओठ हलत नाहीत आणि आवाज येतोय. "नको, पोरी," त्या म्हणाल्या. "तो तठंच राहू दे." मी स्पीकर परत टेबलावर ठेवला.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. दिवसभर बाहेर राबून घरी येणाऱ्या बाईच्या काय काय लक्षात येतं ते मला ठाऊक आहे. आईंनी त्यांचं स्टूल कॉम्प्युटरसमोर नेलं होतं, वालाच्या शेंगा तिथे बसून सोलायच्या, जवळा तिथे बसून निवडायच्या. मी समजले, हाक चुकू नये म्हणून. कधीकधी स्क्रीनकडे बघून काहीतरी पुटपुटायच्याही, आज कोळीण आली नाय, तुझ्या मामाचा फोन होता, असं. मला त्यात विचित्र वाटलं नाही. आपणही फोनवर बोलताना फोनकडेच बघतो.

मग ती दुपार. बर्फाच्या कारखान्यातलं काम लाइट नसल्यामुळे रद्द झालं आणि मी जेवायच्या वेळेलाच घरी आले. हॉलचा पडदा वाऱ्यानं सरकला होता आणि खिडकीतून ऊन सरळ त्याच्या तोंडावर येत होतं. दुपारचं, डोळ्यांत घुसणारं ऊन. त्यानं डोळे घट्ट मिटले होते, दोन्ही डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं होतं आणि कपाळ लाल झालं होतं. मान फिरवायची ताकद नव्हती. आणि आई हाताच्या अंतरावर स्टुलावर बसलेल्या, त्याच्याकडे पाठ, तोंड कॉम्प्युटरकडे, मांडीवर शेंगांचं ताट.

मी पडदा ओढला. ओढला म्हणजे फाडलाच जवळजवळ. "आई, ऊन! दिसत नाही का तुम्हाला? किती वेळ असा पडलाय तो?"

आई उठल्या, ताट सांडलं. त्याचं तोंड बघितलं आणि पदरानं पुसायला लागल्या. मग माझ्याकडे बघून अगदी खऱ्या आश्चर्यानं म्हणाल्या, "पण त्यानं हाक नाय मारली."

मला त्यांचा इतका राग आला की मी आत जाऊन मोरीत उभी राहिले. थोड्या वेळानं तो राग कुठे ठेवावा ते कळेना. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा लेक हाक मारतो तेव्हा त्या धावतात. हाक नाही म्हणजे त्याला काही नको. आयुष्यभर असंच चाललं होतं.

त्या संध्याकाळी मी अक्षरं घेऊन बसले. तेव्हा आम्ही असं बोलायचो: मी ओळी म्हणायची, क ची? च ची? ट ची? त ची? प ची? य ची? तो पापणी मिटायचा, नाही म्हणायला डोळे मोठे करायचा. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक, पुन्हा पापणी. काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आम्ही सोडून दिले होते, नाहीतर एका शब्दाला जेवणाची वेळ झाली असती. "प ख" म्हणजे पंखा. "ड स" म्हणजे डास. "च ह" म्हणजे चहा, जो त्याला आता चमच्यानंही गिळता येत नव्हता, तरी मागायचा. बाकीचं मी ओळखायचे.

त्या दिवशी पहिलं अक्षर आलं ब. मग द. मग क.

"बदक?" मी म्हटलं.

त्यानं डोळे मोठे केले.

"बदक? कुठलं बदक? अरे, आपल्याकडे बदक कुठे आहे?"

आई स्वयंपाकघरातून हसल्या. त्यालाही हसू फुटलं. पण तेव्हा त्याचं हसू त्याच्या ताब्यात राहिलं नव्हतं, सुरू झालं की थांबायचं नाही आणि हसता हसता त्याचं रडं व्हायचं. तसंच झालं. मी त्याची छाती चोळत बसले. शांत झाल्यावर त्यानं पुन्हा सुरू केलं. ब, द, क, आणि आता र.

बंद कर.

"काय बंद करू? पंखा?" नाही. "लाइट?" नाही. टीव्ही बंदच होता. मी घरभर नजर फिरवली आणि ती कॉम्प्युटरवर थांबली. त्यानं डोळे मिटले, दाबून, वेळ लावून. हो.

"आवाज लहान करू का?" नाही.

"घंटी लावू परत?" नाही.

"माझा आवाज टाकते. मी सांगते आईंना, याला वळवा म्हणून. चालेल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. ना हो, ना नाही. त्या बघण्यात काय होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण मी चिडले. "मग आईंना कळणार कसं? परत चट्टा पडला म्हणजे? सांग ना, कसं कळणार?"

म. न. ब. घ.

"मान बघ?" मी मानेखालची उशी सरळ केली. नाही. पुन्हा तीच चार अक्षरं. "मन बघ?" मी म्हटलं. "मन बघायचं यंत्र नाही रे माझ्याकडे. जरा सरळ सांग."

तिसऱ्यांदा म. न. ब. घ. प्रत्येक वेळी सगळ्या ओळी म्हणाव्या लागायच्या, त्यानं पापणी मिटेपर्यंत. मी चौथं अक्षर म्हणत होते तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. पिठाचे हात अंगापासून लांब धरून.

"मना बघ," त्या म्हणाल्या.

मी वळून पाहिलं.

"मना बघ, म्हणतो तो. मना सांगतो, तुला नाय."

मला बघ. इतकी साधी चार अक्षरं. मी "मला" शोधत होते, त्यात ल नव्हता म्हणून मान आणि मन करत बसले. निरोप आईंना होता, आईंच्या बोलीत होता, मी मधली पोस्टमन. एवढं सगळं चालू असताना मला पुन्हा तेच वाईट वाटलं, याची मला आता लाज वाटत नाही. वाटलं तर वाटलं.

आई खाली बसल्या. "बघते की मी," असं एकदा म्हणाल्या. मग त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. ते दुपारपासून तिथेच होतं, कॉम्प्युटरकडे तोंड करून.

"ते बंद केलं," मग त्यांनी विचारलं, "तर तो परत बोलणार नाय?"

"नाही."

"कधीच?"

"नाही, आई."

त्यांनी पिठाचे हात एकमेकांवर चोळले. "मंग एकदा ऐकू दे. एकदा बोलू दे त्याला, मंग कर बंद."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पापणी मिटली. मी टेबलाशी गेले. फाइल उघडून हाक लगेच ऐकवता आली असती, मी माउस हातात घेतलाही. पण आईंनी अडवलं. "नको. त्याच्या टायमाला येऊ दे."

आम्ही बसून राहिलो. आई पलंगाच्या कडेला, मी खुर्चीत, तो तसाच. स्क्रीनवरच्या खिडकीत मिनिटं उतरत होती. अशी वाट मी कुणाच्या गाडीचीही पाहिलेली नाही. आईंनी भाकऱ्याही तशाच ठेवल्या. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो आईंकडे.

"आये, मना वळव."

"आले रं," आई म्हणाल्या, अगदी हळू, कारण त्या त्याच्या जवळच होत्या. त्यांनी त्याला वळवलं. वळवताना पहिल्यांदा मला दिसलं की त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मी प्रोग्रॅमची खिडकी बंद केली. ती बंद करताना एकदा विचारते, हो की नाही, मीच ठेवलेली सोय. मी हो दाबलं. फाइलही पुसून टाकली, मोबाइलमधली सुद्धा, कारण ठेवली असती तर आम्हा दोघींपैकी एकीनं ती कधी ना कधी लावली असती आणि त्यानं ऐकली असती.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. तो वाईटाकडून आणखी वाईटाकडे गेला, डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानंच. चट्टाही एकदा परत आला आणि नर्सताईंनी आम्हाला झापलं. पण आई आता स्टूल त्याच्याकडे तोंड करून ठेवायच्या आणि शेंगा सोलताना हात शेंगांत, नजर त्याच्यावर. "वळवू?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या. कधी तो नाही म्हणायचा. नाही म्हणायला मिळतंय, याचाच त्याला आनंद व्हायचा, असं मला वाटतं. माशी बसायच्या आधी आईंना कळायची. लाळ ओघळायच्या आधी पदर पुढे यायचा. त्याला तहान लागली की भुवई किंचित हलते, हे मला त्यांनी दाखवलं तरी दिसायचं नाही. घरात दिवसभर कुणाचाच आवाज नसायचा. त्या शांततेत बसवत नाही म्हणून मी रेडिओ आणला, तो त्या दोघांनी लावू दिला नाही.

थंडीत मी बरंचसं काम घरी करायला लागले, कारण त्याचा श्वास लहान झाला होता. श्वास लहान झाला तरी कामं तशीच असतात. एका शाळेचा हजेरीचा प्रोग्रॅम मधेच बंद पडत होता आणि त्यांना तो दुसऱ्या दिवशी हवा होता. सकाळची वेळ होती. मी टेबलाशी होते, प्लगच्या भिंतीकडे तोंड करून, आणि पलंग माझ्या पाठीमागे. चूक जवळजवळ सापडली होती.

"पोरी," आई म्हणाल्या.

"आले हं, आई. एवढं संपवते."

त्या परत काही बोलल्या नाहीत. मी ओळ दुरुस्त केली, साठवली, चालवून पाहिली. चालली. मग मागे कुणीच हलत नाही हे जाणवून मी खुर्ची फिरवली.

आई स्टुलावर होत्या, एक हात त्याच्या छातीवर. तो त्यांच्याकडे बघत होता. त्याही त्याच्याकडे बघत होत्या. त्याचे डोळे उघडे होते, पण छातीवरचा हात वर-खाली होत नव्हता. मी उठले आणि आईंच्या शेजारी गुडघे टेकले. माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्याला चिकटवला, गालाला गाल, त्याची नजर जिथे होती अगदी तिथे, त्यात मीही यावं म्हणून. थोडं इकडे सरकून पाहिलं, थोडं तिकडे. आईंनी मला जागा करून दिली. पण आता त्याचा उपयोग नव्हता.